अठ्ठ्याऐंशीला उकळणारं पाणी

आमच्या कोल्चानीत पाणी अठ्ठ्याऐंशीलाच उकळतं.
देयसीच्या पुस्तकात शंभर लिहिलंय.
"पुस्तकवाला समुद्रकाठी राहत असणार," ती म्हणते,
आणि समासात पेन्सिलीनं नोंदवते: इथं नाही.
म्हणून बटाटे शिजायला वेळ लागतो,
एवढं मलाही ठाऊक होतं.
का, ते ठाऊक नव्हतं.

मी मिठाच्या पिशव्या बंद करते.
किलोभर मीठ, तोंडाला घडी,
गॅसच्या ज्योतीवरून ओझरता हात,
चिकटलं. पुढची.
बोटं साथ देत असली तर दिवसाला दोन हजार.

टेबलाच्या त्या टोकाला ती,
पाय मेंढीच्या कातड्यात खुपसून.
पोतोसीच्या प्रवेश परीक्षेला नऊ दिवस उरलेत.
गणित सुटलं की वाटीत एक खडा टाकते,
मिठाचाच, दुसरं काय आहे इथं टाकायला.
आज चौदा झालेत.
पंधरावं अडलंय मघापासून.

मीठ पाण्यात आपणहून का विरघळतं?
विरघळताना ते उष्णता घेतं, म्हणे, देत नाही.
मी म्हटलं, खरंय,
ओल्या सालारवर उभं राहिलं की पोटऱ्या बधिर होतात.
"ते वेगळं, आई. ते नुसतं गार पाणी."
बरं, मग पदरचं घालून कोण कशाला विरघळेल?
"एन्ट्रॉपी," ती म्हणाली. "पसारा.
जगाला पसारा आवडतो."
मी खोलीभर नजर फिरवली.
हे शिकायला पोतोसीला कशाला जायचं?

तिचं उत्तर: उणे बारा हजार आठशे दहा.
मागच्या पानावरचं: उणे आठ पूर्णांक नऊ.
तिनं खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा कागदाला भोक पडलं
आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला,
लहानपणी रडण्याआधी व्हायचा तसा.
"मोठ्यानं वाच," मी म्हटलं.
"तुला काय कळणार?"
"वाच तर."

तिनं वाचलं. एन्थाल्पी तीन पूर्णांक नऊ किलोज्यूल.
एन्ट्रॉपी त्रेचाळीस ज्यूल, दर अंशाला.
मी पिशवी खाली ठेवली.
"एक किलोत आणि एक सुटं?"

उयुनीचा दलाल यायचा पूर्वी,
माल क्विंटलनं उचलायचा,
पैसे मोजताना किलोवर यायचा, मध्येच पुन्हा क्विंटलवर,
आणि मी पोरीला पाठीला बांधून मान हलवायची.
दोन हंगाम गेले मला ते ऐकू यायला.
तेव्हापासून ऐकू येतं.

ती वहीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.
हजारानं भागलं.
वाटीत खडा वाजला.

सोळावं सोपं होतं, तिच्या मते.
हात झटकताना माझ्याकडून चिमूटभर मीठ ज्योतीत पडलं,
ज्योत पिवळीधमक झाली,
नेहमी होते तशी,
आणि ती ओरडली, "हेच! हेच तर विचारलंय!"
इलेक्ट्रॉनला म्हणे पायऱ्या असतात.
पायरीवर उभं राहता येतं, मध्ये अधांतरी नाही.
आगीनं ढकलला की चढतो, वर टिकत नाही,
खाली येतो, आणि त्या खाली येण्याचा रंग हा.
प्रत्येकाच्या पायऱ्या निराळ्या.
ग्रोवर तिकडच्या तळ्यांवर वाळवतो ते लिथियम
लाल जळतं.

मी अजून एक चिमूट टाकली. नुसती बघायला.

म्हणजे गॅस खराब नव्हता.
सिलेंडरवाल्या एउसेबियोला मी वीस वर्षं
भेसळ करतोस म्हणून शिव्या दिल्या,
त्याच्या आईपर्यंत पोचले होते एकदा.
तो बिचारा टोपी काढून उभा राहायचा.
गुरुवारी येईल.
सांगावं लागेल त्याला.
किंवा एखादी पिशवी द्यावी, काही न बोलता.

देयसीनं सतरावं काढलंय.
चुलीवरचे बटाटे टोचून पाहिले,
अजून कच्चेच.